कायद्याचा दाखला बिनचूक द्या

वाचकहो, धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील मुले-मुली आज विद्यापीठांतून आपल्याच समाजाच्या प्रश्नांवर प्रबंध लिहीत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु ज्या कायद्याच्या आधारे आपण हक्क मागतो, त्याचाच दाखला चुकीचा दिला, तर सर्व श्रम वाया जातात.

एक उदाहरण घ्या. ‘१९९० पर्यंत संविधानाने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा नाकारला होता,’ असे कोणी लिहिले तर ते असत्य ठरेल. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ मध्ये कोणत्याही धर्माचे नाव नाही. धर्माची अट घातली ती त्या अनुच्छेदान्वये राष्ट्रपतींनी काढलेल्या संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० याच्या परिच्छेद ३ ने. त्या परिच्छेदात १९५६ च्या अधिनियम ६३ ने शीख धर्माचा आणि १९९० च्या अधिनियम १५ ने बौद्ध धर्माचा समावेश झाला. त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली नाही. संसदेचा साधा अधिनियम पुरेसा ठरला. दाखला चुकला की आदेशाचा दोष बाबासाहेबांनी घडविलेल्या संविधानाच्या माथी बसतो, आणि अन्याय दूर करण्याचा मार्ग कोणता होता, हेही वाचकास कळत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. १९५५ च्या अधिनियम २२ चे मूळ नाव अस्पृश्यता (अपराध) अधिनियम असे होते. १९७६ च्या दुरुस्तीने तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. १९६० च्या खटल्याविषयी लिहिताना मूळ नावच दिले पाहिजे. लोक ज्याला नुसते ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात, त्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याचेही तसेच. लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करण्याचा अपराध पूर्वी कलम ३(१) च्या दहाव्या खंडात होता; २६ जानेवारी २०१६ पासून तो इंग्रजी पाठातील ‘आर’ खंडात आहे. २०१० च्या घटनेला आजचा खंड लावणारा प्रबंध परीक्षकाच्या एका प्रश्नाने कोसळेल.

म्हणून अधिनियमाचे पूर्ण नाव, वर्ष व क्रमांक लिहा. संविधानाचा अनुच्छेद, अधिनियमाचे कलम आणि आदेशाचा परिच्छेद यांची गल्लत करू नका. विधेयकाला अधिनियम म्हणू नका. पोटकलम व खंड सांगा. पाठ कोणत्या दुरुस्तीनंतरचा आहे, तेही नमूद करा. मजकूर दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलू नका. राजपत्रातील पाठाशी स्वतः ताडून पाहा.

आईबापहो, तुम्हांला कलमे पाठ नसतील. पण ‘हे कोठे लिहिले आहे, दाखव,’ एवढे मुलांना विचारणे तुमच्या हाती आहे. ऐकीव गोष्ट प्रमाण मानू नये, ही तर तथागतांचीच शिकवण. ती धम्माच्या बाबतीत पाळायची आणि कायद्याच्या बाबतीत सोडायची, हे आपणांस शोभणारे नाही.