घड्याळ नातवाच्या हातात, धोका आजोबांना

"घड्याळ ठोके मोजतंय, मग डॉक्टर कशाला?" नांदेडच्या मोबाइल दुकानांपासून अर्धापूरच्या केळीबागांपर्यंत हे ऐकू येतं. उलट बाजूला "हे श्रीमंतांचं खेळणं, नुसती भीती विकतं" म्हणणारेही आहेत.

पहिल्यांना आधी सांगतो: घड्याळाला हार्ट अटॅक कळत नाही. छातीत कळ आली तर मनगटाकडे बघू नका, दवाखाना गाठा. चांगलं घड्याळ हिरव्या प्रकाशाने नाडीतली अनियमितता टिपतं. शोध असतो एट्रियल फिब्रिलेशनचा. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा.

पण हे खेळणंही नव्हे. अ‍ॅपलच्या घड्याळावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४,१९,२९७ जणांपैकी अवघ्या ०.५२ टक्क्यांना इशारा आला. चाळिशीच्या आत ०.१६ टक्के, पासष्टीपुढे ३ टक्क्यांवर. म्हणजे सरसकट घबराट नाही. खोट वेगळीच आहे: घड्याळ नातवाच्या हातात आणि धोका आजोबांना. 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ मधले मृत्यू तपासले, तेव्हा सात मृत्यूंमागे एक लकव्याचा निघाला. त्या घरांत घड्याळ कुणाकडे असणार?

असा शोध घेऊन फायदा नाही, असं सांगायला डेन्मार्कचा 'लूप' अभ्यास पुढे केला जातो. त्वचेखाली यंत्र बसवून फिब्रिलेशन तिपटीने सापडलं, तरी लकवे लक्षणीय घटले नाहीत. खरं आहे. पण तिथं वर्षानुवर्षं पाळत ठेवून मिनिटांचे झटके हुडकले होते. समोर बसलेल्या म्हातारीची नाडी आत्ताच वेडीवाकडी चालते, तिला तो निकाल लावता येत नाही. शिवाय आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण बायाही आहेत. वयाचा हिशेब त्यांना लागू नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ग्रामीण रुग्णालयात साठीपुढच्या प्रत्येकाची आणि झडप खराब असलेल्या बायांची नाडी पूर्ण मिनिटभर हाताने बघा, अनियमित लागली तर त्याच दिवशी ईसीजी काढा. आशाताईंना मोबाइलला जोडायचं ईसीजी यंत्र द्या. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत अशी तपासणी झालेली आहे. आणि घरात घड्याळाने इशारा दिलाच, तर ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून ॲस्पिरिन आणून खाऊ नका. या आजारातला लकवा टाळायला ती गोळी पुरत नाही.