लाडाचें ओझें

‘आमचा कुत्रा खातो फार थोडें, तरी फुगतच चालला आहे,’ अशी तक्रार करणारे वाचक आम्हांस नेहमीं भेटतात. त्यांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. गेल्या वर्षापर्यंत आम्हीही हेंच म्हणत होतों.

आमचा मोती पांढरा पॉमेरेनियन. गेल्या चैत्रांत सिद्धेश्वर तलावाच्या कांठीं फिरावयास नेला असतां तो चाळीस पावलांवर मटकन् खालीं बसला आणि असा धापा टाकूं लागला कीं, त्यास उचलूनच घरीं आणावें लागलें. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. मुख्यतः धापा टाकूनच तो उष्णता बाहेर घालवितो. त्यावर चरबीचें पांघरूण, आणि सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंश सहज ओलांडणारा!

पशुवैद्यांच्या कांट्यावर साडेचार किलोंचा मोती सहा किलो भरला. थायरॉईड ग्रंथि मंदावल्यानेंही वजन वाढतें, म्हणून त्यांनीं रक्त तपासलें. तें निर्दोष निघालें. दोष आमच्या स्वयंपाकघराचा होता.

रात्रीं हिशेब मांडला. एवढ्या कुत्र्याचें वजन उतरवावयाचें तर दिवसाकाठीं दोनशें-सव्वादोनशें उष्मांक पुरेत. पैकीं मातोश्रींनीं चहांत बुडवून दिलेल्या चार ग्लुकोज बिस्किटांतच जवळजवळ शंभर संपत. मुलें शेंगांची चटणी लावलेला भाकरीचा तुकडा टाकीत. पेढा आम्ही स्वतः देत होतों. प्रत्येकानें थोडेंच दिलें, मोतीनें मात्र सर्वांचें खाल्लें. शिवाय चटणींतला लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तास अपायकारक. द्राक्षें व मनुका यांनीं तर मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. आपल्या द्राक्षबागांच्या जिल्ह्यांत हें विशेष ध्यानांत ठेवावें.

खरी अडचण पुढेंच होती. वडील निवर्तल्यापासून मातोश्रींची सकाळ मोतीवांचून उजाडत नसे. ‘मुक्या जिवाचा घास काढूं नका रे,’ म्हणतांना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यांस मना करण्याचें धैर्य आम्हांस होईना.

तोड पशुवैद्यांनींच सुचविली. दिवसाचा शिधा सकाळीं मोजून डब्यांत भरावा, डबा मातोश्रींच्या स्वाधीन करावा, आणि इतरांनीं एक कणही देऊं नये. बिस्किटाऐवजीं काकडीची किंवा गाजराची चकती. उपास घडवूं नये. आठवड्यास वजनाच्या शेंकडा एक ते दोन, म्हणजे मोतीचे साठ ते एकशेंवीस ग्रॅम, उतरले कीं पुरे. फिरविणें पहाटेस, डांबरी रस्त्यावर हाताची पाठ पांच-सात सेकंद ठेववत नसेल, तर तेथें कुत्र्यास चालवूं नये. बरगड्या डोळ्यांस दिसूं नयेत, पण बोटांस लागाव्या, ही घरगुती परीक्षा.

हें सर्व कठोर वाटेल. परंतु अमेरिकेंत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांना जन्मभर पाहून २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, जोडीदारापेक्षां पाव हिश्शानें कमी खाणारे कुत्रे सुमारें पावणेदोन वर्षें अधिक जगले. लाडाच्या माणसास याहून मोठी देणगी कोणती?

श्रावणांत मोती पावणेपांच किलोंवर आला. आतां तो तलावाकांठीं आमच्या पुढें धांवतो, आणि परत येऊन मातोश्रींच्या पायांशीं बसतो. डबा त्यांच्याच कपाटांत असतो. पेढ्याची पुडी घेऊन आम्ही घरीं आलों कीं, प्रथम त्या आमच्या हाताकडे पाहतात.