पहिली गोळी कोणी झाडली?

२ ऑगस्ट १९१४, रविवार. स्वित्झर्लंडच्या सीमेलगत फ्रान्समधील जोंशरे या खेड्यापाशी सकाळी दहाच्या सुमारास जर्मन घोडेस्वारांची एक लहानशी टेहळणी तुकडी सरहद्द ओलांडून आली. तिचा म्होरक्या लेफ्टनंट आल्बेर्ट मायर २२ वर्षांचा. रस्त्यावर पहारा देणारा फ्रेंच कॉर्पोरल झ्यूल-आंद्रे प्यूजो २१ वर्षांचा, पेशाने शाळामास्तर. मायरने पिस्तूल झाडले, फ्रेंचांनी बंदुका. थोड्याच वेळात दोन्ही तरुण गतप्राण झाले.

जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले ते दुसऱ्या दिवशी, ३ ऑगस्टच्या संध्याकाळी! त्या खलित्यात फ्रेंच विमानांनी नुरेंबर्गजवळ रेल्वेमार्गावर बॉम्ब टाकल्याचा आरोप होता. तो धादांत खोटा होता. उलट फ्रेंच सरकारने आपले सैन्य सरहद्दीपासून दहा किलोमीटर मागे घेतले होते. मात्र त्यामागे निव्वळ शांततेची ओढ होती असे कोणी समजू नये. आक्रमकाचा शिक्का शत्रूवर बसावा आणि इंग्लंड आपल्या बाजूने उतरावे, हा रोकडा हिशेब त्यात होता. झारशी लष्करी करार केलेल्या, १९१२ साली मोरोक्को घशात घातलेल्या फ्रेंच भांडवलशाहीचे हात काही स्वच्छ नव्हते.

जोंशरेच्या चकमकीने युद्ध पेटले नाही. जर्मनीने रशियाविरुद्ध आदल्याच दिवशी युद्ध जाहीर केले होते, आणि त्याच रविवारी संध्याकाळी बेल्जियमला निर्वाणीचा खलिता दिला. वसाहती आणि बाजारपेठा यांच्या फेरवाटणीचा झगडा कित्येक वर्षे धुमसत होता. स्वारीचे आराखडे कपाटात तयार होते.

तरीही ‘आगळीक कोणाची?’ हा प्रश्न दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांनी जनतेपुढे मोठ्या हौसेने टाकला. त्याच्या उत्तरात कामगारवर्ग गुंतला की साम्राज्यशाही लूटमार आपोआप ‘मातृभूमीचे संरक्षण’ ठरते. युद्धाला विरोध करण्याच्या आणाभाका १९०७ मध्ये स्टुटगार्टला आणि १९१२ मध्ये बाझेलला घेतल्या गेल्या होत्या. झां जोरेस यांचा तर ३१ जुलैला पॅरिसमध्ये खून पडला. ४ ऑगस्टला जर्मन सोशल डेमोक्रॅटांनी युद्धकर्जाला मंजुरी दिली. त्याच दिवशी फ्रेंच समाजवाद्यांनीही आपल्या सरकारच्या झोळीत मते टाकली. जर्मन पक्षाच्या संसदीय गटात १४ जणांनी आतल्या बैठकीत विरोध केला, पण सभागृहात शिस्तीपोटी तेही गप्प बसले. कार्ल लीब्क्नेख्टही त्यांत होते. २ डिसेंबर १९१४ रोजी, दुसऱ्या कर्जाच्या वेळी, त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. तोवर एकट्या फ्रान्सचे दोन लाखांहून अधिक सैनिक मातीआड झाले होते.