लपायचे कपडे, दिसायची हौस

ऑफिसच्या सहलीत पुण्याबाहेरच्या एका रिसॉर्टवर मी पहिल्यांदा पेंटबॉल खेळलो. खेळलो म्हणजे यादीत माझं नाव परस्पर टाकलेलं होतं. तिथल्या पोराने आमच्या अंगावर एकेक जाकीट फेकलं. हिरवं-काळं-तपकिरी, मिलिटरी डिझाइनचं, आधीच्या बॅचच्या घामाने ओलं. मग छातीवरचं कवच, मग मास्क, शेवटी बंदूक. त्याने एकच नियम तीनदा सांगितला : काहीही झालं तरी मैदानात मास्क काढायचा नाही. गोळीचं कवच जिलेटिनचं, आत रंग. अंगावर बसली तर वळ उठतो, डोळ्यावर बसली तर डोळा जातो. तरी आमच्यातल्या दोघांनी पाच मिनिटांत मास्क कपाळावर चढवला, कारण मास्कमध्ये फोटो चांगला येत नाही. जाकीट मात्र कुणी काढलं नाही. मे महिन्याचं ऊन होतं, तरी नाही.

मैदान म्हणजे लाल मातीचा चौकोन, त्यात निळे ड्रम आणि जुने टायर. लाल मातीवर, निळ्या ड्रमाआड, हिरव्या जाकिटात बसलेला माणूस कुणालाही लांबून दिसतो. आम्ही सगळे लपायचे कपडे घालून उघड्यावर बसलो होतो.

हे जाकीट माझ्या ओळखीचं होतं. हिंगोलीत पहाटे औंढ्याच्या रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही गाडीच्या उजेडात हाच कपडा पळताना दिसतो. मिलिटरी टीशर्ट, मिलिटरी लोअर, मिलिटरी टोपी, पाठीवर अकॅडमीचं नाव. वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठेही जा. बाजारात दोनशे-अडीचशेला टीशर्ट मिळतो, मोबाइलवर मागवला तर त्याहून स्वस्त. आमच्या जिल्ह्यात पेंटबॉल नाही, पण पेंटबॉलचा पोशाख आहे. पुण्यातला माणूस तो वीस मिनिटांसाठी भाड्याने घालतो. आमचा पोरगा तीन-तीन, चार-चार वर्षं अंगावरून उतरवत नाही.

माझं म्हणणं सरळ सांगतो. हा कपडा आमच्या पोरांना गंडवतोय, आणि आपण त्याला जिद्द म्हणून लाइक देतोय.

आधी पेंटबॉलचंच बघू, कारण या खेळाने हा धडा आमच्या कितीतरी आधी गिरवलाय. पहिला सामना २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. खेळाडू बारा. हातातली बंदूक मुळात वनखात्याची माणसं झाडांवर आणि पशुपालक गुरांवर खुणा करायला वापरत. म्हणूनच जाणकार खेळाडू अजूनही तिला बंदूक न म्हणता मार्कर म्हणतात. जो जिंकला, तो जंगलात काम करणारा माणूस होता. त्याने सगळे झेंडे गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही. कुणाला दिसलाच नाही. जंगल, झाडी आणि अंगावर झाडीच्या रंगाचे कपडे, इथपर्यंत सगळं जुळतं.

पुढे नव्वदच्या दशकात हा खेळ जंगलातून सपाट मैदानात आला. हवा भरलेले रंगीत अडथळे, दोन्हीकडे संघ, कडेला प्रेक्षक. तिथे झाडीचा रंग कुचकामी. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तो सोडून दिला आणि क्रिकेटवाल्यांसारख्या भडक जर्सी घातल्या. त्याही ढगळ, कारण गोळी अंगावर फुटली तरच खेळाडू बाद होतो, आणि ढगळ कापडावर ती कधीकधी न फुटता उडून जाते. म्हणजे फॅशन होती, पण तिला कारण होतं. आज स्थिती अशी की जो हा खेळ गंभीरपणे खेळतो, तो बहुधा चट्टेरी हिरव्यात नसतो. वर्षातून एकदा सहलीला येणारा मात्र त्याच्याशिवाय मैदानात पाऊल टाकत नाही. (जंगलात लष्करी ढंगाने खेळणारे अजून आहेत, त्यांना यातून सूट.)

आता हिंगोलीच्या ग्राउंडवर या. सुट्टीवर आलेला जवान किंवा भरती झालेला पोलीस पहाटे पळायला आला तर अंगात काय असतं? जुना बनियन, हाफ पॅन्ट आणि पायात चांगले बूट. नखशिखान्त मिलिटरी रंगात असतो तो अजून भरती न झालेला. वर्दी ज्याला मिळाली, त्याला ती सुट्टीत काढून ठेवायची असते. मला तर लांबून कपड्यांवरूनच कळतं, कोण लागलाय आणि कोण लागायचाय.

वर्दीची ही ओढ उगाच आलेली नाही. हिंगोली हे जुनं छावणीचं गाव. निजामाच्या राज्यातल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातल्या हैदराबाद कंटिन्जंटचा इथे तळ होता. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, छावणीचे दिवस संपले. पण आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ इथेच आहे. पाऊस कसाही पडो, महिन्याच्या महिन्याला पगार होणारी माणसं पोरांनी लहानपणापासून पाहिली ती खाकीतच. १९९९ मध्ये परभणीतून फुटून जिल्हा झाला, तरी कारखाने काही आले नाहीत. सोयाबीन, हळद आणि भरती, एवढेच रस्ते. त्यातल्या पहिल्या दोघांचा भाव आपल्या हातात नाही. तिसऱ्याचा आहे असं वाटतं, कारण पाय आपले असतात.

पायांचं गणित काय आहे तेही बघा. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुणांचं, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर पूर्ण वीस. राखीव दलाला पाच किलोमीटर. छातीवर नंबर लावतात, उंची मोजतात, छाती फुगवायला लावतात. अंगात कोणत्या डिझाइनचा टीशर्ट आहे याला गुण नाहीत. २०२४ च्या भरतीत जागा होत्या साडेसतरा हजारांच्या आसपास आणि अर्ज आले सतरा लाखांवर. शंभरात एक. एकेका सेकंदावर माणूस आत किंवा बाहेर. तो सेकंद मिळतो बुटात, खाण्यात, झोपेत आणि धड ट्रॅकवर केलेल्या सरावात.

माझ्या चुलतभावाची गोष्ट सांगतो, कारण माझा राग तिथूनच आलाय. बारावीनंतर त्याने एक अकॅडमी लावली. नाव सांगत नाही, अशा पुष्कळ आहेत. फीबरोबर किट सक्तीचं : दोन मिलिटरी टीशर्ट, लोअर, टोपी, ट्रॅकसूट, सॅक. काकांनी हळदीच्या पैशातून भरले. बुटांना उरलं नाही, म्हणून बूट फर्स्ट कॉपी. सराव डांबरी रस्त्यावर. तीन महिन्यांत नडग्या धरल्या. पळताना दुखायचं, मग पायऱ्या चढताना, मग नुसतं बसल्यावर. सरांनी सांगितलं, दुखणं म्हणजे कमजोरी बाहेर पडतेय. ग्राउंडला सोळाशेत त्याचे काही सेकंद जास्त गेले, आणि तेवढेच गुण यादीत कमी पडले. त्या दिवशीचा फोटो आहे त्याच्याकडे. मिलिटरी टोपी, छाती काढलेली, खाली ‘भावी पोलीस’. फोटो गुडघ्यापर्यंतच आहे. बूट दिसत नाहीत.

पेंटबॉलमध्ये मास्कचं जे होतं तेच इथे बुटांचं. जी वस्तू जीव वाचवते ती फोटोत येत नाही, म्हणून तिच्यावर खर्च शेवटी. अकॅडमीवाल्याला हे कळत नाही असं नाही. पण बुटावर त्याचं नाव छापता येत नाही. टीशर्ट म्हणजे त्याचा चालताबोलता बोर्ड, आणि बोर्डाचे पैसे पोराच्या बापाने दिलेले.

इथे कुणी म्हणेल, सैन्याचा अपमान होतो, बंदी घाला. मी त्या गटात नाही. सैनिक असल्याची बतावणी करण्याच्या हेतूने पोशाख घातला तर भारतीय न्याय संहितेत त्याला शिक्षा आहेच. सैन्याने १५ जानेवारी २०२२ रोजी दाखवलेल्या नव्या डिझाइनची नोंदणीही करून ठेवली आहे. बाजारातले चट्टे त्याची नक्कल असोत की नसोत, सरावाला पळणाऱ्या पोरावर काठी उगारून काय मिळणार? अपमान झालाच असेल तर त्याचा होतोय.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. गरिबाच्या पोराने हौस करू नये का? शहरातला माणूस ब्रँडेड बूट घालून बागेत चालायला जातो, त्याला कुणी विचारत नाही. बरोबर आहे. हौस करावी, जरूर करावी. मीही अकरावीत कमांडो पॅन्ट घालून फिरलोय, सहा खिसे आणि सहाही रिकामे. पण हौसेला तयारी म्हणून विकू नका. हौसेचे दोनशे रुपये वेगळे आणि किटच्या नावाखाली बापाकडून काढलेले हजारो वेगळे.

आणि एका ठिकाणी माझा मुद्दा लंगडा पडतो, तेही कबूल करतो. पोरी. आमच्या गावात पाच वर्षांपूर्वी एखादी पोरगी पहाटे रस्त्याने एकटी पळाली असती तर दुपारपर्यंत तिच्या घरी चार माणसं विचारायला गेली असती. आज तीच पोरगी मिलिटरी टीशर्टमध्ये पळते आणि पारावरचे म्हातारे म्हणतात, भरतीवाली आहे. विषय संपला. त्या कपड्याने तिला खरंच लपवलं. रस्त्यावर पळायला एवढं सोंग लागतं याची लाज आपली, तिची नाही. तिने तो टीशर्ट खुशाल घालावा.

पण मग पोरांना तो कशापासून लपवतो, हेही बोला की. बी.ए. झालेला, बावीस वर्षांचा पोरगा साध्या शर्टात पारावर बसला तर तो रिकामा. मिलिटरी टीशर्टमध्ये बसला तर ‘भरती करतोय’. पाहुण्यांना सांगता येतं, बापाला चारचौघांत मान वर करता येते. खुल्या गटाला अठ्ठावीस वर्षं, मागासवर्गीयांना तेहतीस, तोवर हे आवरण पुरतं. सरकारला ते सोयीचं आहे, कारण जिल्ह्यात बेकार दिसतच नाहीत, दिसतात ते भावी जवान. २०२२ पासून सैन्यात जायचं तर अग्निवीर, चार वर्षं, आणि त्यानंतर चारातला एक आत राहणार. उरलेल्या तिघांना परत याच टीशर्टमध्ये पोलीस भरतीच्या रांगेत यायचंय. एवढी माणसं दिसेनाशी करणारा कपडा जगातल्या कुठल्या सैन्याकडे नसेल.

मला हवंय ते फार नाही. किट सक्तीचं करणाऱ्या अकॅडमीला पालकांनी तोंडावर विचारावं, बूट का नाहीत यात? जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याला मातीचा, मोजलेला, दिवे असलेला ट्रॅक व्हावा. सोळाशे मीटर किती हे पोरं अजून मोटरसायकलच्या मीटरवर मोजतात. आणि स्टेटसला टोपीचा फोटो टाकणाऱ्या मित्राला एकदा विचारा, तुझा टाइम किती आला?

सहलीचे फोटो चुलतभावाने पाहिले तेव्हा हसत सुटला. “दादा, म्हंजी पैसे देऊन गोळ्या खाल्ल्या का तुम्ही?” कंपनीने दिले, म्हटलं. “मग बरंय.” नंतर फोटो मोठा करून जाकीट बघत बसला. “कापड आपल्यापेक्षा भारी दिसालंय.”

श्रावणात गावी गेलो तेव्हा तो शेतात होता. हळद छातीपर्यंत आलेली. बांधावरून हाका मारल्या, ओ येत होती, माणूस दिसत नव्हता. मग पानं हलली आणि पाठीवर पंप घेतलेला तो बाहेर आला, अंगात अकॅडमीचा तोच टीशर्ट, फवारणीने विटलेला. पंप खाली ठेवला, नाकावरचा रुमाल सोडला आणि विचारलं, “जाहिरात येणारंय म्हणतात दादा. बूट कोणते घेऊ?”