बिनतारी कार्ड घेताना

शाळेतल्या जुन्या संगणकावर तुम्ही हौसेने लिनक्स बसवता. पडद्यावर सारे नीट दिसते, पण वाय-फाय काही सुरू होत नाही! मग लिनक्सला नावे ठेवली जातात. माझ्या मते चूक बहुधा कार्ड निवडतानाच झालेली असते.

हे कार्ड म्हणजे एक चिमुकले रेडिओ केंद्रच. २.४ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सुमारे साडेबारा सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी ते पाठवते आणि ऐकते. त्याच्याकडून काम करून घेण्यास ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली लागते, आणि ती लिहायची तर आतल्या चिपची भाषा ठाऊक हवी. काही कंपन्या ती सांगतात, काही दडवतात. ब्रॉडकॉमच्या चिपची भाषा स्वयंसेवकांना कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून शोधावी लागली. कंपनीने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो २०१० साली.

तेव्हा दुकानात खोक्यावरच्या नावाला भुलू नका, आत चिप कोणती ते विचारा. खोके तेच, नाव तेच, पण आवृत्ती बदलली की चिप निराळी, असेही घडते. एका लोकप्रिय यूएसबी कार्डाच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर ९२७१ चिप होती, दुसरीत रिअलटेकची आली. दुकानदार कार्ड लावून पाहू देत असेल तर ‘एलएसयूएसबी’ किंवा ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा द्या. कंपनीचा आणि वस्तूचा असे दोन क्रमांक दिसतील, ते टिपून घ्या. (इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, १९७८ मधल्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची ही आठवण!) इंटेलचे एएक्स २१० लिनक्सच्या ५.१० आवृत्तीपासून चालते. एएक्स २११ मात्र इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालते. एका आकड्याचा फरक, पण पैसे वाया!

चिपचा तपशील खुला केला तर कोणीही प्रक्षेपणाची शक्ती वाढवील, असे कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही. अथेरॉसचा ‘एटीएच९के’ हा खुला ड्रायव्हर २००८ पासून लिनक्समध्ये आहे. त्याच्या पीसीआय कार्डांना वेगळे बंद फर्मवेअरही लागत नाही. इंटेलचा ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर बंदच आहे.

शाळेच्या जुन्या संगणकासाठी मी हे अथेरॉसचेच कार्ड घेईन, वापरलेले मिळाले तरी चालेल. वेग आजच्या मानाने कमी, पण वर्गातल्या कामाला पुरेसा आहे. आणि ड्रायव्हरची ओळ न् ओळ मुलांना उघडून वाचता येते.