पहिल्या पाळीची न्याहारी

(द्वितीय वर्ष, कला)

पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीत तीन आवाज ठरलेले असतात. नळाला पाणी आल्याचा, कोपऱ्यावर कंपनीची बस थांबल्याचा आणि टपरीवरच्या तापलेल्या तेलात पहिला वडा पडल्याचा. भोसरीत राहणाऱ्यांना यात नवे काही नाही. मला मात्र या तिसऱ्या आवाजाविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

वार्षिकांकासाठी 'पोट साफ होणे' या विषयावर लिहिणार आहे असे सांगितल्यावर मैत्रिणी तोंडाला रुमाल लावून हसल्या. एकीने तर 'दुसरा विषय मिळाला नाही का गं?' असे विचारले. हुंडा, बेकारी, पाऊस हे विषय मलाही ठाऊक आहेत. पण ज्या दुखण्यापायी आमच्या घरातला पगार अकरा दिवस बुडाला, त्याविषयी लिहिताना मी का लाजावे? आणि लाजण्यापायीच ते दुखणे वाढले असेल तर?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून येथे आले. ते चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली की पावणेसहाची बस. तेव्हा घरात फक्त चहा आणि चार खारी. साडेनऊला वडापाव. दुपारी कँटीनमध्ये भात आणि पातळ वरण. मध्येच पोटाने हाक दिली तरी लाइनवरून उठायचे म्हणजे बदली माणूस हवा. तो मिळेपर्यंत हाक विरून जाते. म्हणून अण्णा पाणीच कमी पिऊ लागले. 'पाणी प्यालं की उठावं लागतं,' हे त्यांचे साधे गणित होते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. मूळव्याध होती आणि रक्त जाऊन जाऊन अंगात त्राण उरले नव्हते. दोन वर्षे त्यांनी आईलासुद्धा काही सांगितले नव्हते. त्यांच्या पिशवीत चूर्णाच्या पुड्या सापडल्या, तेव्हा आम्हांला कळले. कंत्राटी माणसाला भरपगारी रजा कुठली? अकरा दिवसांची मजुरी गेली आणि माझी परीक्षा फी मावशीकडून उसनी आणून भरावी लागली. डॉक्टरांनी विचारले, 'काय काय खाता?' अण्णा म्हणाले, 'सगळं खातो साहेब.' त्या 'सगळं' या शब्दाचा हिशेब मी नंतर मांडला. तोच या लेखाचा विषय.

आपला हा परिसर कसा वाढला हे आपण सारे जाणतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे कारखाने नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत सरकत गेले. या सगळ्या वाटचालीत खेड्यापाड्यांतून माणसे आली. येताना प्रत्येकाने ज्वारीचे किंवा बाजरीचे एक पोते आणले होते. ते पोते संपले आणि त्याच्या जागी पाव आला. हा बदल कोणाच्या दफ्तरात नोंदलेला नाही. तो आपल्या आतड्यांनी नोंदला आहे.

डॉक्टरांनी 'तंतुमय पदार्थ वाढवा' असे सांगितले. तंतुमय पदार्थ म्हणजे माझ्या आजीच्या भाषेत चोथा. धान्याचा कोंडा, डाळीचे साल, फळाचा गर आणि रेषा. हा भाग आपल्या पोटात पचत नाही. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ ठेवतो आणि आतड्याला पुढे ढकलायला काहीतरी देतो. उलट चोथा नाही, पाणी नाही आणि आलेली भावना दाबली, म्हणजे मोठे आतडे मळातले पाणी शोषत बसते आणि मळाचा खडा होतो. पुढचे कुंथणे, जखम, रक्त हे सारे त्या खड्याचे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांच्या आधारे मी वहीत हिशेब केला. दोन हजार उष्मांकांच्या आहारात दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत असे सांगितले जाते; अंगमेहनत करणाऱ्याचा आहार मोठा, म्हणून त्याला याहून जास्त. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत ११ च्या आसपास. मैद्यात तीनसुद्धा भरत नाहीत. म्हणजे ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरींत बारा-तेरा ग्रॅम चोथा मिळतो. अण्णांच्या चार खारींत एक ग्रॅम मिळाला तरी पुष्कळ, आणि वडापावात फार तर तीन-चार. दुपारी जेवायला बसेपर्यंत त्यांच्या पोटात चार-पाच ग्रॅम! 'सगळं खातो' याचा अर्थ हा होता.

आता सुक्या मेव्याकडे वळते. अण्णा घरी आल्यावर एका नातेवाइकाने सुक्या मेव्याचा डबा आणला: काजू, बदाम, काळ्या मनुका, अंजीर. अण्णांनी तो उघडलाच नाही. 'पाहुण्यांना ठेवा,' म्हणाले. आमच्या घरात सुका मेवा तीनच वेळा दिसत आला आहे: बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारीक म्हणून, पूजेच्या ताटात पानसुपारीशेजारी, आणि दिवाळीत कोणाच्या तरी साहेबाला द्यायच्या खोक्यात. खाण्याची वस्तू म्हणून तो आमच्याकडे कधी आलाच नव्हता. मला वाटते, कामगार वस्तीतल्या बहुतेक घरांचे असेच असावे.

मी हट्टाने त्या मनुका रात्री पाण्यात भिजवून सकाळी अण्णांना देऊ लागले. पण वहीत हिशेब केला आणि थोडी ओशाळले. शंभर ग्रॅम मनुकांत तंतू असतात जेमतेम चार ग्रॅम! मूठभर मनुका म्हणजे एखादा ग्रॅम. त्यात अर्ध्याहून अधिक वजन साखरेचे. सुक्या अंजिराची गोष्ट वेगळी. त्यात शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास तंतू आहेत, खारकेतही बरेच आहेत. पण अंजीर महाग. म्हणजे 'सकाळी चार मनुका खा, पोट साफ' हे जे आपण घरोघर ऐकतो ते खोटे का?

अगदी खोटेही नाही. २०११ साली अमेरिकेत बद्धकोष्ठाच्या चाळीस रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांना तीन आठवडे रोज शंभर ग्रॅम सुके आलुबुखार दिले आणि दुसऱ्या तीन आठवड्यांत इसबगोल. दोन्हींतून मिळणारे तंतू सारखेच, तरी आलुबुखाराचा गुण अधिक आला. कारण त्यात सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ असतो. तो आतड्यात पाणी ओढून आणतो. मनुकांवर हाच निष्कर्ष जसाच्या तसा लादता येणार नाही. एवढे मात्र दिसते, की सुक्या फळाचे काम केवळ चोथ्याच्या वजनावर मोजता येत नाही. तरीही ते मदतनीसच. ओझे वाहणारा बैल भाकरीच आहे.

युगांडात बरीच वर्षे काम केलेले आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७० च्या दशकात पाश्चात्त्य डॉक्टरांना हेच बजावले होते. चोथायुक्त अन्न खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांत बद्धकोष्ठ आणि त्यामागून येणारी दुखणी त्यांना फारशी दिसली नव्हती. त्यांची काही अनुमाने पुढे वादात सापडली, पण बद्धकोष्ठाला चोथा हवा हे टिकले. जगाने ज्या अन्नाकडे परत जायचा विचार सुरू केला, ते अन्न आपण त्याच काळात मागासलेपणाचे लक्षण म्हणून टाकत होतो. डब्यात भाकरी नेणारी मुलगी आजही कॉलेजात डब्याचे झाकण अर्धेच उघडते. मी स्वतः प्रथम वर्षाला तसेच करीत होते.

येथे कोणी म्हणेल, 'मग सरळ भाकरी करा, लेख कशाला?' हा प्रश्न विचारणाऱ्याने माझ्या आईकडे एकदा पाहावे. ती चिखलीला एका पॅकिंगच्या कामावर जाते. रात्री अकराला झोपते, पाचला उठते. तिने चारला उठून भाकरी थापावी असे सांगणारा सल्ला मला मान्य नाही. कामगाराचे पोट सुधारायचे आणि त्यासाठी त्याच्या बायकोची झोप काढून घ्यायची, याला मी आरोग्य म्हणणार नाही. म्हणूनच सुका मेवा मला महत्त्वाचा वाटतो. त्याला चूल लागत नाही, तो नासत नाही, खिशात मावतो.

आमच्या घरी आता जे चालते ते सांगते. आजी गावाहून सातूचे पीठ पाठवते; भाजलेले गहू आणि डाळे दळून केलेले. पहाटे अण्णा स्वतःच ते गूळपाण्यात कालवतात आणि वर भिजवलेला बेदाणा टाकतात. दोन मिनिटांचे काम. डबीत सालासकट फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि बेदाणा, प्रत्येकी एक छोटी मूठ. तीस-तीस ग्रॅम धरले तर फुटाण्यांतून पाच, शेंगदाण्यांतून तीन आणि बेदाण्यातून एक, असे नऊ ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात. पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत भाव विचारून मी खर्चही काढला. तो एका वडापावाच्या आसपासच येतो. भाकरी रात्री होते आणि उरलेली सकाळी कुस्करून दह्यात. त्यात खारकेचे दोन तुकडे पडले तर अण्णा आता कुरकुरत नाहीत.

हा मेवा काही परदेशी थाटाचा नव्हे. बेदाणा आपल्या तासगाव-सांगलीचा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी पुरंदरच्या अंजिरालाही. पुरंदरचे अंजीर मात्र नाजूक. ते बहुतेक ताजेच खपते आणि दोरीत ओवलेले सुके अंजीर येते ते प्रामुख्याने अफगाणिस्तानातून. तेव्हा हंगामात सासवडचे ताजे अंजीर आणि एरवी सांगलीचा बेदाणा, हे आपल्या खिशाला व मातीला धरून आहे.

काही सावधगिरीचे शब्दही सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी सुकी फळे डॉक्टरांना विचारूनच खावीत. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते; तो हळूहळू वाढवावा आणि सोबत पाणी प्यावे, नाहीतर उपाय उलटतो. रक्त जात असेल तर मनुका आणि चूर्ण यांत एक दिवसही घालवू नये. मूळव्याधच असेल असे घरबसल्या ठरवणारे आपण कोण? आणि 'हाय फायबर' असे ठळक छापलेली बिस्किटे घेताना पुड्याच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारी-बाजरीच्या नावाने बरेच काही विकले जाते. पुढे बाजरीचे कणीस आणि मागे पहिला घटक मैदा, दुसरा साखर, असा पुडा माझ्या हातात स्वतः आला आहे.

पण नुसते खाणे बदलून भागणार नाही, हे मला शेवटी सांगायचे आहे. अण्णांची डबी भरलेली असते, तरी लाइनवरून उठायची दहा मिनिटे डबीत घालून देता येत नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थेत कामगारांचे प्रतिनिधी असावेत असेही सुचवले. त्या प्रतिनिधींनी वरणाच्या पातळपणाबरोबर उसळीचा, भाकरीचा आणि संडासाला जाण्याच्या वेळेचाही प्रश्न मांडला पाहिजे. तो हसण्यावारी नेला जाईल, हे मला ठाऊक आहे. माझ्या मैत्रिणीही हसल्याच होत्या.

आणि आपण? आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव, सामोसा आणि क्रीमरोल याखेरीज सकाळी काही मिळत नाही. प्राचार्य व प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे, की तेथे एक बरणी फुटाणे-शेंगदाणे-बेदाण्याची आणि एक पातेले मटकीच्या उसळीचे असावे. वडापाव बंद करा असे मी म्हणत नाही. मलाही तो आवडतो. पण पुढच्या वर्षी आपल्यातले कितीतरी जण अण्णांच्याच बसमध्ये चढणार आहेत. पोटाची सवय तेथे जाण्यापूर्वी लागलेली बरी.

त्या दिवशी दवाखान्यातून येताना मी अण्णांना विचारले, 'दोन वर्षं सांगितलं का नाही तुम्ही?' ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, 'अशा गोष्टी पोरीला सांगतात व्हय?' आता ते सांगतात. सकाळी डबी उचलताना 'आज बरं हाय' एवढेच बोलतात आणि बसकडे निघतात.