उजनीवरचे रोहित

उजनी धरण किती टक्क्यांवर आले, हे सोलापूरकर उन्हाळ्यात रोज विचारतो. पाणी ओसरते तसा काठचा गाळ उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. मान खाली, चोच उलटी. जीभ सारखी पाणी आत-बाहेर उपसत असते. चोचीच्या कडेच्या चाळणीत शेवाळ आणि बारीकसारीक जीव अडकतात, पंखांचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. विणीच्या काळात कच्छच्या रणात त्यांचे जोडपे चिखलाच्या ढिगावर एका खेपेला एकच अंडे घालते, त्यामुळे गेलेले पक्षी लवकर भरून येत नाहीत. मे २०२४ मध्ये मुंबईत घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. उजनीवर त्रास होडीचा आहे. उडतानाचा फोटो हवा म्हणून ती थेट थव्यात घातली जाते आणि चरणारे पक्षी उपाशीच उठतात. मला याची चीड येते. भिगवणला किंवा करमाळ्याच्या काठाला गेलात, तर होडीत बसण्याआधीच सांगा: दादा, लांबूनच दाखवा, थवा उठवू नका.